रेडिओ मोठा कर

आमच्या घरातला रेडिओ ऐकण्यासाठी घेतलेला नव्हता. दुसऱ्यांचं बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून घेतलेला होता. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, म्हणून सुरुवातीपासून सांगते. बाबांच्या सरकारी कारखान्यात साहेबांनी एकदा सगळ्यांना बोलावून सांगितलं, की दिवस बदलले आहेत, ज्यांना आपल्या खुशीने नोकरी सोडायची असेल त्यांनी सोडावी. खुशी कुणाची होती देव जाणे, पण बाबा सोडून आले. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी करून त्यांनी तिथे एसटीडी बूथ टाकला. बाहेर पिवळी पाटी, आत काचेच्या दाराची लाकडी केबिन, टेबलावर लाल आकडे पळवणारा मीटर, आणि किर्रर्र करत बिलाचा कागद बाहेर ढकलणारं छोटं यंत्र. सगळं झकास होतं, फक्त सुताराने माप घेताना काहीतरी घोळ घातला होता आणि केबिनचं दार कधीच पूर्ण लागायचं नाही. त्यातून लोक बोलायचे ते ओरडून. नांदेडला बोलणारा जरा मोठ्याने बोलायचा, पुण्याला बोलणारा त्याहून मोठ्याने, आणि दुबईला बोलणाऱ्याला तर फोनची गरज होती की नाही अशी मला शंका यायची.

बाबांना याचा फार त्रास व्हायचा. ते मुळात भिडस्त. लोक आत जाऊन पोराचा निकाल सांगायचे, जावयाची तक्रार करायचे, कुणी गेल्याची बातमी ऐकून तिथेच खाली बसायचे, आणि बाबा बाहेर टेबलाशी खाली मान घालून असे बसायचे जसं काही त्यांनीच काही चुकीचं केलंय. दार तासून झालं, दाराला जुनी सतरंजी ठोकून झाली, मग ते काचीगुड्याहून एक जुना, खोक्याएवढा रेडिओ घेऊन आले आणि नियम केला: गिऱ्हाईक केबिनमध्ये शिरलं की रेडिओ मोठा करायचा, बाहेर आलं की लहान. ‘इथं कानावर पडलेलं इथंच ऱ्हायलं पायजे,’ ते आम्हाला सांगायचे. ‘एक बात भाईर गेली की धंदा बुडाला समजा.’ त्यामुळे ‘मंजू, रेडिओ मोठा कर’ हे वाक्य मी लहानपणी स्वतःच्या नावाइतकंच ऐकलं. उर्दू बातम्या, तेलुगू शेतकऱ्यांसाठी खताची माहिती, जुनी गाणी, काय लागलं असेल ते मोठं व्हायचं. अजूनही रेडिओवर युरियाबद्दल कुणी बोलायला लागलं, की कुणीतरी काचेपलीकडे रडतंय असं मला उगीच वाटतं.

दुपारी बाबा जेवून आडवे व्हायचे तेव्हा बूथ आई सांभाळायची. टेबलाखाली अंबाडीची भाजी निवडायला घेऊन बसायची, त्यामुळे बिलाच्या कागदांना कधीकधी आंबट वास यायचा. आई अक्षरओळख असलेली, पण बोलायला अगदी मोजकी. घरात तिचा आवाज भांड्यांचा. राग आला की पातेलं आदळायची, खूश असली की सकाळी सुशीला करायची, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर भरपूर दाण्याचं कूट. तोंडाने ती आपलं मत सहसा सांगत नसे. ती कसर मी भरून काढायचे. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, आणि गल्लीत माझी ख्याती एकच होती, की हिच्याशी वाद घालू नये. 

शेजारच्या घरात लताक्का राहायची. ती दिलसुखनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, म्हणजे आमच्या दृष्टीने जवळजवळ अमेरिकेला. माझ्या वेण्या तीच घालायची, गणितंही तीच शिकवायची. तिचं लग्न ठरलं होतं पुण्यात नोकरी करणाऱ्या सतीश नावाच्या मुलाशी, आणि जमवलं होतं मागच्या गल्लीतल्या शंकररावांनी. ते मुलाचे मामा. शंकरराव आमचे रोजचे गिऱ्हाईक, मुलाच्या वडिलांना नांदेडला फोन करायला येणारे. लताक्काही दुपारची यायची, ‘मैत्रिणीला फोन करायचाय, काकू,’ म्हणायची आणि कानापर्यंत लाल व्हायची. मैत्रीण पुण्यात नोकरीला आहे हे आईला नंबरवरूनच कळायचं. अशा वेळी आई रेडिओ नेहमीपेक्षा जास्त मोठा करायची, आणि वर आपली खुर्ची रस्त्याकडे वळवून, केबिनला पाठ करून बसायची. परक्यांसाठी ती नियम पाळायची, लताक्कासाठी मनापासून पाळायची.

आमच्या बूथवर येणारं आणखी एक माणूस म्हणजे सुमनताई. पुण्याहून लग्न होऊन हैदराबादला आलेल्या, काचीगुड्याला राहायच्या, आणि रेडिओवर मराठी मुलांचा एक छोटासा कार्यक्रम करायच्या. नाव होतं ‘अर्धी गोष्ट’. एकदा त्या बहिणीला फोन करायला आल्या तेव्हा मी एका धिप्पाड माणसाशी हुज्जत घालत होते. तो म्हणत होता, पलीकडे कुणी उचललाच नाही तर बिल कशाचं, आणि मी त्याला मीटर दाखवत होते. सुमनताई आपला फोन विसरून ऐकत उभ्या राहिल्या. तो माणूस गेल्यावर आईला म्हणाल्या, ‘हिला पाठवाल माझ्याकडे? शनिवारी?’ आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी छताकडे. आणि मी गेले.

नामपल्लीच्या पुढच्या रेडिओ केंद्राच्या इमारतीत पहिल्यांदा शिरले तेव्हा मला सगळ्यात जास्त आवडलं ते तिथलं दार. जाड, गादी लावलेलं, आणि पूर्ण लागणारं. बाबांना हे दार दाखवायला हवं असं मला राहून राहून वाटलं. आतमध्ये आम्ही पाच-सहा मुलं, समोर काचेपलीकडे सुमनताई, आणि कोपऱ्यात आवाज काढणारे एक काका. पडदा सरकल्याचा आवाज ते लोखंडी सळीवर बांगड्या ओढून काढायचे. कार्यक्रमाची रीत अशी, की सुमनताई एक छोटं नाटक लिहायच्या, ज्यात कुणीतरी पेचात सापडलेलं असायचं. मित्राने चोरी केली, सांगायची का? आजारी आजीला खोटं बोलायचं का? आणि पेच ऐन रंगात आला की नाटक तिथेच थांबायचं. शेवट लिहिलेलाच नसायचा. मग कागद पालथे घालायचे, आणि ज्याने जी भूमिका केली असेल त्याने त्या माणसाची बाजू स्वतःच्या शब्दांत लढवायची. पटो न पटो. सुमनताई मध्ये पडायच्या नाहीत, निकाल द्यायच्या नाहीत. पुढच्या आठवड्यात तोच पेच पुन्हा, पण बाजू बदलून. गेल्या खेपेला ‘सांगू नये’ म्हणणाऱ्याने आता ‘सांगावं’ म्हणायचं. आम्ही पहिल्यांदा विचारलं, ‘पण ताई, खरं उत्तर काय?’ त्या म्हणाल्या, ‘मला ठाऊक असतं तर मी शेवट लिहिला नसता का?’ मला हे उत्तर मुळीच आवडलं नव्हतं. मोठ्या माणसांना उत्तरं माहीत असतात आणि ती ते दडवून ठेवतात, असा माझा तोवर ठाम समज होता.

आता आईने काय ऐकलं ते सांगते. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला आधीच कळलेलं बरं. एका दुपारी करंट गेला. मीटरला बॅटरी होती, रेडिओला नव्हती. नेमके तेव्हाच शंकरराव आत होते, आणि रेडिओ बंद पडला हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ते नेहमीच्या आवाजात नांदेडला ओरडत होते, की सतीशला गोळी चुकवू नको म्हणावं, फिट आल्याचं कुणापाशी काढू नका, पोरीकडच्यांना आत्ताच सांगायची काय गरज, लग्न होऊ द्या मग बघू. आई हातातली अंबाडीची काडी तशीच धरून बसली होती. ते बाहेर आले, पैसे दिले, ‘येतो वहिनी’ म्हणाले आणि गेले.

आईने बाबांना सांगितलं. बाबा आधी तिच्यावरच उखडले. ‘तू ऐकलीसच कायको?’

‘कान काय काढून ठिऊ?’ आई म्हणाली. ‘लता आपल्या मंजूसारखीच हाय. तिच्या मायला सांगून येते.’

‘नक्को. अर्धं बोलणं ऐकून कुणाचं लग्न मोडतात का? तिकडचा माणूस काय बोलला ते तुला कुठं ऐकू आलं? आन आज शंकररावाचं सांगितलीस तर उद्या कोन येईल इथं फोन करायला?’

ते खोटं बोलत नव्हते. कारखाना सुटल्यावर त्या केबिनशिवाय आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. आई शेजारी गेली नाही. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी भाकरी एका बाजूने करपलेली असायची, आणि मी त्यावरूनही वाद घालायचे. साखरपुडा जवळ येत चालला होता. लताक्का माझ्या वेण्या घालताना गुणगुणायची, आणि आई तिच्याकडे बघायची टाळायची.

अशातच सुमनताई फोन करायला आल्या, तेव्हा आईने त्यांना विचारलं, की ताई, समजा एका बाईला चुकून असं ऐकू आलं, की लग्नाच्या मुलाचा आजार लपवतायत, तर तिने काय करावं? बाई कोण ते सांगितलं नाही, आणि सुमनताईंनी विचारलंही नाही. त्या म्हणाल्या, ‘माझ्या मुलांना विचारून बघूया?’ बिचाऱ्यांना वाटलं असेल, ही बाई मुलांच्या कार्यक्रमाला विषय सुचवतेय. आई मात्र उत्तरासाठी विचारत होती, आणि ते तिला आमच्यासारख्या बारा वर्षांच्या पोरांकडून हवं होतं, कारण मोठ्यांकडून ते आलं होतं आणि तिला झोप लागत नव्हती.

सुमनताईंनी नाटक लिहिलं. बूथच्या जागी शिलाईचं दुकान घातलं, ज्यात माप देताना बायका पडद्याआड बोलतात. आईने त्यांना आजार लपवलेला मुलगा दिला होता, त्यांनी त्याची स्कूटर केली. एक माणूस आपली स्कूटर शेजाऱ्याला विकतोय, तिचा ब्रेक मध्येच दगा देतो हे त्याच्या बायकोच्या तोंडून पडद्याआड ऐकू येतं, आणि दुकानदाराच्या मुलांना, निर्मलाला आणि तिच्या भावाला, ते कळतं. भावाला सांगायचंय. निर्मलाला नाही. निर्मला मी. बांगड्यांचा पडदा सरकला, नाटक थांबलं, आम्ही कागद पालथे घातले, आणि मी सुटले. पडद्याआड बोललेलं आपलं नसतं, मी म्हणाले. आपण अर्धंच ऐकलंय. लोक आपल्यावर विश्वास टाकून येतात, उद्या कोण तोंड उघडेल? बाबा घरी नेहमी म्हणायचे ती सगळी वाक्यं मी उचलली होती, फक्त ‘कायको’ काढून टाकलं होतं. भाऊ झालेला मुलगा साधा होता, सारखा ‘पण अपघात झाला तर?’ एवढंच विचारायचा. शेवटी त्याला पार गप्प करायचं म्हणून मी म्हटलं, ‘आणि कशावरून शेजाऱ्याला ब्रेकचं माहीत नाही? त्याला आधीच सांगितलेलं असलं तर? तो सगळं माहीत असून घेत असला तर?’ ते मला त्याच क्षणी सुचलं होतं. त्यात तथ्य असेल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं, नुसता पेच टाकला होता. मुलगा खरंच गप्प झाला. काचेपलीकडून सुमनताईंनी माझ्याकडे जरा निराळंच पाहिलं, आणि मी ते कौतुक समजले.

कार्यक्रम रविवारी सकाळी लागायचा. त्या रविवारी आईने सुशीला केला नव्हता, कालचीच पोळी चहाबरोबर दिली होती. बाबा बिलाच्या कागदाचा रोल आणायला गेले होते. केबिनमध्ये एक तेलुगू गृहस्थ विजयवाड्याला ओरडत होते, त्यामुळे रेडिओ नियमाप्रमाणे मोठा होता, आणि मी नियमापेक्षाही मोठा केला होता. माझाच आवाज बूथभर! आई टेबलाशी बसून ऐकत होती. निर्मलाने बोलायला सुरुवात केली तशी तिची मान हळूहळू खाली गेली. बाबांचंच बोलणं आता तिच्या पोरीच्या तोंडून, तेही रेडिओवरून, अख्ख्या शहराला ऐकू जात होतं. अर्धंच ऐकलंय, मी ठासून सांगत होते. लोक विश्वास टाकतात, मी सांगत होते. आई एकदम उठली. ‘इथं बस. आलेच,’ म्हणाली, आणि पदराला हात पुसत सरळ लताक्काच्या घरात शिरली. बूथ असा उघडा टाकून, गिऱ्हाईक आत असताना उठून जाणं हे तिने आजवर कधी केलं नव्हतं. मी रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले. रेडिओवर मी म्हणत होते, ‘आणि कशावरून शेजाऱ्याला माहीत नाही?’ माझं सगळ्यात भारी वाक्य ऐकायला कुणीच नव्हतं म्हणून मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

पुढचं सगळं इतक्या भरभर झालं, की कोण कुणावर का चिडलंय हे मला उमगेचना. शेजारून आरडाओरडा ऐकू आला. लताक्काचे वडील चप्पल न घालता शंकररावांकडे गेले. शंकरराव थोड्या वेळाने आमच्या दारात उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, ‘हे फोनचं दुकान हाय का चोरून ऐकायचं?’ बाबा नुकतेच हातात रोल घेऊन आले होते, ते तसेच पायरीवर थिजले. लग्न मोडलं. संध्याकाळी लताक्काची आई वाटीभर शिरा घेऊन आली, आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, ‘तू माझ्या लेकीला वाचवलीस गं माय.’ त्याच दिवसापासून आमची निम्मी गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या दुसऱ्या बूथवर जायला लागली. बाबा आईला एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त केबिन रिकामी असली तरी रेडिओ मोठाच ठेवायला लागले. मला आईने सगळी हकीकत थोडक्यात सांगितली तेव्हा मी विचारलं, ‘मग मी रेडिओवर चुकीचं बोलले का?’ ती म्हणाली, ‘नाही. चांगलं बोललीस.’ आता मी चांगलं बोलले, बाबा बरोबर बोलले होते, आईने उलटं केलं, तिला शिरा मिळाला आणि शिव्याही मिळाल्या. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं ते मला कळेना. सुमनताईंच्या नाटकाला निदान शेवट नव्हता. इथे सगळ्यांचे वेगवेगळे शेवट एकदम चालू होते.

लताक्का आमच्याकडे यायची थांबली होती. एका दुपारी ती गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलथताना दिसली, म्हणून मी केस सोडून तिच्यासमोर जाऊन बसले. तिने वेणी घालायला घेतली, आणि इतकी घट्ट ओढली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

‘मला माहीत होतं, मंजू,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘सतीशच्या फिटचं. त्यानंच सांगितलेलं मला. फोनवर. तुमच्याच बूथमधून बोलत होते मी, तुझी आई रेडिओ मोठा करून तिकडं तोंड करून बसली होती.’ तिने वेणीचा पेड उलटा टाकला, सोडला, पुन्हा घेतला. ‘मी हौ म्हटलेलं त्याला. गोळ्या घेतो, नोकरी करतो, काय बिघडतं? घरच्यांना मीच हळूहळू सांगणार होते.’

‘मग आता सांग ना काकांना!’

‘सांगितले. म्हणतात, सारी गल्ली बोलूलाली, आता नाव काढू नको.’ तिने रिबीन उचलली. ‘त्या दिवशी मीच रेडिओ लहान करा म्हटलं असतं काकूंना, तर बरं झालं असतं बघ.’ मग ती हसल्यासारखं करून रडायला लागली. मी कधी मोठ्या माणसाला इतक्या जवळून रडताना पाहिलं नव्हतं, काचेतूनच पाहिलं होतं. रिबीन बांधताना ती म्हणाली, ‘तुझ्या आईला बोलू नको हे. माझ्यासाठीच आली ना ती चालत.’

मी जिना उतरून खाली आले तेव्हा आई बूथमध्ये शिऱ्याची वाटी परत करण्यासाठी तिच्यात साखर भरत होती, कारण वाटी रिकामी परत करायची नसते. फार दिवसांनी तिचा चेहरा निवळलेला होता. मी दारातच उभी राहिले. सांगावं तर तिचा तो चेहरा जाईल. न सांगावं तर लताक्काचं खरं मी एकटीने पोटात घेऊन हिंडायचं. निर्मलाची सगळी वाक्यं मला पाठ होती, पण त्यातलं एकही उपयोगाचं वाटेना.

आणि शनिवारी बाजू बदलायची होती. मी आता भाऊ झाले होते, मला ‘सांगावं’ची बाजू लढवायची होती. घरून निघताना आईने माझ्या हातावर दही ठेवलं, परीक्षेला ठेवतात तसं. त्यावरून मला कळलं, की ती या खेपेची वाट बघतेय. मागच्या खेपेला मी बाबांची बाजू बोलले होते. आता तिची बोलणार होते. कुणीतरी, निदान रेडिओवर, म्हणणार होतं की त्या बाईने सांगितलं ते बरोबर केलं.

नाटक झालं, कागद पालथे पडले, लाल दिवा लागलेला होता. निर्मला झालेल्या मुलाने माझीच गेल्या आठवड्यातली वाक्यं माझ्यावर फेकली, आणि शेवटी तेही फेकलं, ‘कशावरून शेजाऱ्याला माहीत नाही?’ मी तोंड उघडलं. मला लताक्काची ओढलेली वेणी आठवली, आणि दही आठवलं, आणि आवाज निघाला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. कोपऱ्यातल्या काकांनी बांगड्या हातात घट्ट धरून ठेवल्या होत्या, त्या वाजू नयेत म्हणून. रेडिओवर गप्प राहणं म्हणजे चूक, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण सुमनताईंनी काचेवर टकटक केली नाही, पुन्हा घ्या म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच हळू आवाजात म्हटलं, ‘आजची गोष्ट इथेच ठेवूया.’ बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘ताई, ते कापून टाका.’ त्या म्हणाल्या, ‘कापणार नाही. तेवढंच तर खरं होतं त्यात.’ मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांना काय, त्यांच्या घरी कुणी ऐकत बसणार नव्हतं.

रविवारी आईने सुशीला केला. बशी घेऊन ती रेडिओजवळ बसली. बाबाही बसले, पेपर उघडून, पण पान उलटत नव्हते. माझी पाळी आली आणि रेडिओ गप्प झाला. आईला वाटलं करंट गेला, तिने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ‘तुला काहीच सुचलं नाही?’ तिने विचारलं. मी मान हलवली. ‘असू दे,’ म्हणाली आणि बशी उचलून आत गेली. आत पातेलं आदळलं नाही, काहीच वाजलं नाही. ते मला जास्त लागलं.

आता त्या बूथच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे. बाबा जाऊन बराच काळ लोटला. लताक्का बंगळूरला असते, तिचं पुढे दुसरीकडे लग्न झालं, दिवाळीला आईला फोन करते, हसते, आणि ती सुखी आहे की नाही हे मी तिच्या आवाजावरून आजही ओळखू शकत नाही. सतीशचं काय झालं ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. आईला आता ऐकू कमी येतं. माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत ती दुपारची रेडिओ कानाशी घेऊन बसते. परवा एकदम म्हणाली, ‘मंजू, ते तुझं निर्मलाचं आठवतं का गं?’

‘आठवतं.’

‘किती चांगलं बोलूलालतीस. सगळं पटूलालतं मला. म्हणून तर उठले. म्हटलं, अजून थोडं ऐकले तर मी काय उठायची नाही.’ ती रस्त्याकडे बघत होती. ‘मागून तू गप बसलीस. मला वाटलं, पोरीला माझं पटलं नाही. तेवढं मनात ऱ्हायलं बघ.’ मग तिने माझ्याकडे तोंड वळवलं. ‘बरोबर केलं ना गं मी?’

अजून थोडं म्हणजे एकच वाक्य होतं, शेजाऱ्याला आधीच माहीत असण्याचं. त्या रिकाम्या खुर्चीने ऐकलेलं. ते माझ्या जिभेवर आलं, जसं तेव्हा स्टुडिओत पटकन आलं होतं. तेव्हा ते बोलायला मला काहीच लागलं नव्हतं.

‘बरोबर केलंस,’ मी म्हणाले.

‘काय?’ आईने कानामागे हात धरला.

‘बरोबर केलंस, आई!’ मी ओरडले, दुबईला बोलावं तशी, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. खालून कुणीतरी वर पाहिलं. आई हसली, रेडिओ माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, ‘मोठा कर जरा.’